टिटवीचा अर्ज

फार फार वर्षांमागे माळावर एक टिटवी राहायची. उघड्या खड्यांतच तिनं चार अंडी घातली होती. पुढं गव्यांनी पाण्याला जायची वाट नेमकी तिथूनच पाडली. टिटवी अर्ज घेऊन वाघाच्या कारभाऱ्याकडे, कोल्ह्याकडे गेली.

"अर्ज कसला? विनंती कर," कोल्हा म्हणाला. विनंती केली, तर म्हणाला, "निवेदन हवं." निवेदन नेलं, तर हसला, "मावशी, याला दरखास्त लागते!"

दर खेपेला घरी एक अंडं फुटलेलं असायचं.

चौथ्यांदा ती दरबारी गेलीच नाही. पंख पसरून गव्यापुढं उभी राहिली.

"दादा, इथं माझं लेकरू आहे."

"अगं, मग आधीच मला का नाही सांगितलंस?" म्हणत गव्यानं कळप वळवला.

उरलेल्या अंड्यातून पिलू निघालं. एकटंच होतं, पण आईमागं तुरुतुरु धावत होतं.