रोहू, इस्तारी आणि डफडं

तळ्याकाठच्या एका गावात दवंडी द्यायचं काम इस्तारीकडे होतं. गळ्यात डफडं, हातात काठी आणि आवाज असा, की तो चावडीपाशी बोलला तर तळ्यापलीकडच्या म्हशी कान टवकारायच्या. माणूस मनाचा निर्मळ. खोट एकच. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. पाटलाने बाजाराची दवंडी सांगितली, तर हा बाजाराची देऊन वर पाटलाच्या घरी आज कोणती भाजी बिघडली तेही सांगून यायचा.

या गावाची एक रीत होती. बाईचं डोहाळजेवण असलं, की तिच्या ताटातला पहिला घास रोहू माशाचा. आणि तो रोहू नवऱ्याने स्वतः गळ टाकून धरलेला हवा. बाजारातला चालत नसे, शेजाऱ्याचा चालत नसे. नवरा रिकाम्या हाताने आला, तर बायकोच्या जागी त्यालाच फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवायचे आणि गावभरच्या बायका त्याला डोहाळे विचारायच्या. आजवर असे जेवढे नवरे झोपाळ्यावर बसले, त्या सगळ्यांची दवंडी इस्तारीनेच दिली होती, आणि तीही कोणी न सांगता. ते सगळे आता त्याच्यावर डोळा ठेवून होते, कारण इस्तारीची बायको सुगंधा हिचं डोहाळजेवण जवळ आलं होतं.

इस्तारीने जन्मात मासा धरला नव्हता. सुगंधा म्हणाली, "हे बघा, झोपाळ्यावर बसायचं माझं ठरलंय. हौस माझी आहे. तुम्ही माझी जागा घेतलीत तर मी आईकडे निघून जाईन."

आई म्हणजे पुतळाबाई, इस्तारीची सासू. ती मुलीच्या डोहाळजेवणासाठी आधीच येऊन राहिली होती, त्यामुळे ही धमकी फारशी खरी नव्हती. पण सुगंधाचे डोळे भरले होते, ते मात्र खरे होते. इस्तारीचा जीव कळवळला.

तो तडक सासूकडे गेला. पुतळाबाईला मासेमारीतलं सगळं कळायचं आणि जावयातलंही बरंचसं. जाताना मोठ्या ऐटीत एक गळही घेऊन गेला. चार दातांचा, चांगला वीतभर.

"जावईबापू," पुतळाबाई म्हणाली, "मासा धरायचाय की विहिरीत पडलेली बादली?"

मग तिने त्याला नखाएवढा बारीक गळ दिला, लांब बांबू दिला, दोरीला मोराच्या पिसाची काडी बांधून दिली. "ही काडी पाण्यावर उभी तरंगते. मासा लागला की बुडते. पण गळ इतक्यात टाकायचा नाही. आधी जागा धरायची. रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी पेंडीचे आणि कोंड्याचे गोळे पाण्यात सोडायचे. रोहूला वाटलं पाहिजे, की इथे रोजची पंगत आहे. मासा दमाने येतो आणि जरा आवाज झाला की जातो. म्हणून डफडं घरी, आणि तोंड बंद."

"मामी, तोंड बंद म्हणजे कधीपर्यंत?"

"मासा ताटात पडेपर्यंत."

इस्तारीने मोठा सुस्कारा टाकला, पण कामाला लागला. रोज सकाळी तळ्याकाठच्या जांभळीखाली जायचा, गोळे सोडायचा आणि गुडघ्यांना मिठी मारून बसायचा. आधी काहीच होईना. मग एके दिवशी पाण्यावर बुडबुडे आले. नुसते बुडबुडे हो! पण इस्तारीला वाटलं, आपण अख्खं तळं जिंकलं. तो उड्या मारत गावात आला, घरातून डफडं ओढून काढलं आणि चावडीवर उभा राहिला.

"ऐका हो ऐका! जांभळीखाली रोहू जमलेत हो! इस्तारीने जमवलेत हो!"

दुसऱ्या दिवशी जांभळीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. गाव लोटलं होतं. कोणी गळ आणला, कोणी टोपली, एक जण तर नुसती शिदोरी घेऊन आला होता. शेळ्या पाण्यात उतरल्या. पेंडीचे उरलेले गोळे शेळ्यांनीच खाल्ले. रोहू तिथून जे गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. मासा कोणालाच मिळाला नाही. इस्तारी डोक्याला हात लावून बसला.

"जावईबापू," पुतळाबाई म्हणाली, "देवाने जीभ दिली तसे तिला आत ठेवायला दातही दिलेत. वापरा ना कधीतरी!"

जावई इतका रडवेला झाला, की तिलाच दया आली. तिने घरामागे, पण गावातून वळसा घालून जावं लागे अशा तळ्याच्या वळणावर नवी जागा दाखवली आणि एक उपाय सांगितला. तळ्यावरून निघताना तोंडात चूळ भरायची आणि ती घरच्या मोरीतच टाकायची. मधल्या वाटेवर बोलायची सोयच नाही.

झालं! इस्तारी रोज गाल फुगवून गावातून जाऊ लागला. लोकांना वाटलं, दाढ सुजली. एकीने लवंग दिली, दुसरीने हळदीचा लेप लावला, म्हाताऱ्या वैद्याने तोंड उघडून बघायचा हट्टच धरला, तेव्हा इस्तारी पळत सुटला. पाटलाने वाटेतच अडवलं, घरून डफडं मागवलं आणि हरवलेल्या बैलाची दवंडी द्यायला सांगितली, तर त्याने नुसतं डफडं वाजवलं आणि कपाळावर दोन बोटांची शिंगं धरून दाखवली. गावकऱ्यांना वाटलं, याच्या अंगात आलं. त्यांनी त्याच्या पायाशी नारळ फोडला.

पण नव्या जागी रोहू जमले. आणि ही गोष्ट गावात कोणालाच कळली नाही.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. अंगणातल्या चिंचेला झोपाळा टांगला होता, सुगंधा हिरवं लुगडं नेसून वाट बघत होती. इस्तारी पहाटेच वळणावर जाऊन बसला. गळाला कणकेची गोळी लावली, दोरी सोडली. एवढं सगळं नीट केलं बघा, आणि एक गाढवपणा केला. डफडं बरोबर आणलं. मासा मिळाल्या मिळाल्या लागेल म्हणून!

काडी हलली. इस्तारी गप्प राहिला. काडी आडवी झाली, तरी गप्प. मग काडी सर्रकन बुडाली आणि बांबू वाकला. रोहू मोठा होता. सासूने सांगितलं होतं तसं तो धावला की इस्तारीने बांबू पुढे केला, दमला की मागे घेतला. घामाने निथळला, पण धीर सोडला नाही. शेवटी तांबूस खवल्यांची पाठ काठाशी दिसली. आता फक्त वाकून उचलायचा होता.

आणि इथे इस्तारीच्या अंगातला दवंडीवाला उसळला. डफडं वाजवायला लागतात दोन हात. त्याने दोन्ही हात डफड्याला लावले.

"ऐका हो ऐका! इस्तारीने रोहू धरला हो!"

बांबू सुळकन पाण्यात गेला, पाठोपाठ रोहूही.

गाव धावत आलं. बघतात तर इस्तारीच्या हातात डफडं आणि डोळ्यांत पाणी. मग काय विचारता! पूर्वी झोपाळ्यावर बसलेले सगळे नवरे पुढे सरसावले. इस्तारीला मोगऱ्याचे बाजूबंद, कमरेला गजऱ्यांचा पट्टा, डोक्यावर फुलांचा मुकुट. बायकांनी झोका दिला.

"काय गं इस्तारे, चिंच खावीशी वाटते की आवळा?"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सुगंधा मात्र खांबाला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत नव्हती. इस्तारीने ते पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झोका उंच गेला, तेव्हा त्याला तळं दिसलं. पाण्यावर त्याचा बांबू तरंगत होता. आणि गंमत म्हणजे तो वाऱ्याच्या उलट चालला होता. गळ सुटला नव्हता! रोहू बांबू ओढत होता, आणि ओढून ओढून दमत आला होता.

इस्तारीने श्वास भरला. "ऐका हो" जिभेच्या टोकावर आलं. त्याने खांबाजवळच्या सुगंधाकडे एकदा बघितलं. मग झोका खाली येताच शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला, तोंडभर चूळ भरली, गाल फुगवले आणि झोपाळ्यावरून उतरला. "लाजून पळाला," म्हणत बायका आणखी हसल्या.

मुकुटासकट तो कमरभर पाण्यात शिरला. बांबू हळूच धरला, दमलेला मासा जवळ घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला. गजरे वाहून गेले तरी त्याने हात सोडले नाहीत. तसाच निथळत, कोणाकडे न बघता तो अंगणात आला आणि रोहू सासूपुढे ठेवला.

हसणं एकदम थांबलं. पुतळाबाईने मासा उलटापालटा करून पाहिला, तोंडातला गळ ओळखला आणि चूल पेटवली.

सुगंधा झोपाळ्यावर बसली. ताटात रोहूची तुकडी आली, पहिला घास तिने घेतला. तिचा चेहरा असा खुलला, की बघत राहावं. "कधी धरलात हो? कसा धरलात? सांगा ना!"

इस्तारी फुगल्या गालांनी नुसता मान हलवत राहिला. सासू म्हणाली होती ना, मासा ताटात पडेपर्यंत! आता पडला होता, पण हा गडी हबकलेला. शेवटी सुगंधाने कौतुकाने त्याचे दोन्ही गाल धरून दाबले आणि सगळी चूळ पुतळाबाईच्या नव्या लुगड्यावर उडाली.

"आता बोला हो जावईबापू," पुतळाबाई लुगडं झटकत म्हणाली, "आता बोललात तरी चालेल."

तात्पर्य काय, तर काम पुरं होईपर्यंत दोन्ही हात कामावर असू द्यावेत. डफडं वाजवायला नंतर वेळच वेळ असतो.