शंभर कायदे मोडणाऱ्या राजाची कहाणी

एका राज्यात हेमकला नावाची राणी होती. तिनं एकदा तुळशीपुढं हात जोडून नवस केला होता, "यांच्या हातून एक तरी कायदा पाळला जाऊ दे, वर्षभर अळणी जेवीन."

'हे' म्हणजे तिचा नवरा, राजा पद्मकेतू. सकाळी दवंडी पिटून कायदा करावा, संध्याकाळी आपणच मोडावा. दुसऱ्याच्या बागेतले पेरू तोडावे, रांग सोडून होडीत चढावं. कुणी हटकलं तर हसावं, "अहो, कायदे रयतेला!"

एके दिवशी त्यानं जोगिणीच्या राखीव तळ्यातलं कमळ खुडलं. तो शंभरावा कायदा. जोगीण म्हणाली, "फार मातलास, राजा. राघू हो." राजा राघू झाला. मुकुट चिखलात पडला.

राणीनं पाय धरले. जोगीण द्रवली. "तीन दिवस, तीन कायदे. एक जरी मोडला तर जन्मभर राघूच."

पहिला कायदा, परक्या पेरूला चोच लावायची नाही. राघू पिकल्या पेरूखाली दिवसभर डोळे मिटून बसला. राणीचा नवस फळला, तिनं त्याच दिवशी मीठ सोडलं.

दुसरा, नदी उडून ओलांडायची नाही, होडीत पाळीनं बसायचं. कोळीण ओरडली, "महाराज, शेपूट आवरा, माझी टोपली आहे!" राघू मुकाट्यानं सरकला.

तिसरा, मौन धरून जेवायचं. राणीनं आपल्याच ताटातला वरणभात वाढला आणि तूप आणायला आत गेली. राघूनं घास घेतला मात्र, तोंडून निघून गेलं, "मीठ कुठाय?" ऐकायला कुणीच नव्हतं.

जोगीण आली. "पाळले तिन्ही?"

"पाळले हो, आई!" राणीला आनंद मावेना.

राघूनं मान खाली घातली. गप्प राहिलं तर सुटका, बोललं तर जन्माचा पिंजरा. राणीकडं त्यानं एकदा डोळे भरून पाहिलं.

"नाही पाळले. ही आत गेली तेव्हा मी बोललो."

राणीनं तोंडाला पदर लावला. जोगीण मात्र खदखदून हसली. "अरे, शंभर मोडलेस, कबूल एकही केला नाहीस. आज कबूल केलास. जा, सुटलास!"

हिरवी पिसं झरझर गळली, हात आले, मिशाही आल्या. नगरात घरोघर साखर वाटली. दुसऱ्या दिवशी राजा दवंडीवाल्याला घेऊन निघाला आणि शंभर दारी शंभर वेळा म्हणाला, "चुकलो."

बायांनो, तुम्हीही एक लहानसा नेम धरा. मनोभावे पाळा. आणि कधी मोडलाच, तर कुणी विचारायच्या आधी आपल्या तोंडानं सांगून टाका. एवढं माझं ऐका.