सुतारिणीचा मुलगा आणि वेळूचं बन

सकाळचे बरोबर सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुलांनो, पाखरांकडे घड्याळ कुठलं असं विचाराल, तर ते आमराईच्या राखणदाराच्या खोपटात होतं आणि दारातून दिसत असे. त्या आमराईत एक सुतारीण, म्हणजे सुतार पक्ष्याची मादी, आपल्या एकुलत्या एका मुलासह राहत होती. झाडावर चोच मारायची, आवाज ऐकायचा आणि आत कुठे पोकळ आहे ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. पोकळीत किडा सापडतो, म्हणून पोकळ आवाज आला की जेवण आलंच. मुलगा ही विद्या थेट वरच्या फांदीवरच्या मोठ्या शाळेपर्यंत शिकला आणि पहिला आला. पण आमराईतलं एकही खोड रिकामं नव्हतं, प्रत्येकावर कुणा ना कुणाचा हक्क. म्हणून त्या सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तो आईला म्हणाला, "आई, मी डोंगरापलीकडच्या मुलखात जातो."

"तिथे काय करणार रे?"

"गेल्यावर बघू."

"उतरणार कुणाकडे?"

"तेही बघू."

"आणि खाणार काय?"

"आई, बघू म्हटलं ना!"

"तुझं 'बघू' चोचीत धरून पोट भरतं का रे बाळा?" असं आई म्हणेपर्यंत तो उडालासुद्धा. शेजारची साळुंकी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अगं बाई, माझी मुलं गेली ती थवा ठरवून, झाड ठरवून. तुझ्या मुलाला ना थवा, ना ठिकाण!"  त्या दिवसापासून सुतारिणीला घास गोड लागेना. तिकडे वारा सुटला असेल का, तिकडे घारी असतात का, असं सारखं मनात येई.

होळी झाली आणि डोंगरापलीकडून धोबी पक्षी निरोप घेऊन आला. "मुलगा म्हणाला, आईला सांग, मजेत आहे."

"मजेत आहे म्हणतो म्हणजे उपाशी आहे," सुतारीण म्हणाली. "खरं काय ते सांगा, भाऊ."

मग धोब्याला सांगावंच लागलं. त्या मुलखात झाडं नव्हतीच, नुसतं वेळूचं बन होतं. मुलानं पहिल्या वेळूवर चोच मारली, पोकळ आवाज आला, मोठ्या आशेनं त्यानं भोक पाडलं. आत काही नाही! दुसरा वेळू पोकळ, तिसरा पोकळ, सगळं बनच पोकळ. पोट भरायला तो आता जमिनीवर उतरून मुंग्या टिपत होता. पण टकटक करणं काही सोडत नव्हता.

"मोठ्या शाळेत पहिला आला आणि जमिनीवर मुंग्या!" साळुंकीनं कपाळाला पंख लावला. ती स्वतः जन्मभर जमिनीवरच चरत आली होती, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

सुतारिणीनं ठरवलं, आपल्या खोडाची अर्धी बाजू मुलाला द्यायची, पण त्याला परत आणायचं. तिनं त्याच्यासाठी एक जाडजूड अळी चोचीत धरली आणि ती निघाली. चैत्र संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. दोन दिवस उपाशी उडाली, पण अळीला तिनं दात, आपलं, चोच लावली नाही. बनाजवळ पोचली तर ओढा कोरडा ठणठणीत आणि वेळूखाली ससे, मोर, वानरं यांची ही लांब रांग.

"ओ बाई, रांग आहे. मागं उभ्या राहा," एक म्हातारी वानरी म्हणाली. सुतारिणीच्या चोचीत अळी, बोलणार कशी? मुकाट्यानं मागं उभी राहिली. तेवढ्यात वरून आवाज आला. ठण. ठण. ठण. ठुप! तिच्या काळजानं तो ओळखला. तिचाच मुलगा होता, हडकलेला, पण मान ताठ. 'ठुप' वाजलेल्या पेराला त्यानं भोक पाडलं आणि आतून पाण्याची धार लागली! एका सशाच्या पिल्लानं खाली तोंड लावलं आणि गटगट प्यायलं.

मुलाची नजर रांगेवर गेली. "आई!"

"ही तुझी आई होय?" वानरी वरमली. "या, या ताई, आधी तुम्ही प्या."

सुतारिणीनं अळी मुलापुढे ठेवली आणि ती म्हणाली, "नाही हो, मी माझ्या पाळीनंच पिईन." पाळी आल्यावर ती प्यायली. असं पाणी ती जन्मात प्यायली नव्हती.

मुलानं अळीचे दोन तुकडे केले आणि अर्धा आईला भरवला. तिनं विचारलं, "ही विद्या तुला शिकवली कुणी रे?"

"कुणीच नाही. सगळे वेळू सारखेच वाजतात, असं आधी वाटायचं. हजारभर पेरं वाजवल्यावर कळलं, एखादं निराळं वाजतं. त्यात पाणी असतं. असलं काम जगात असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आई."

"मी तुला न्यायला आले होते," आई हळूच म्हणाली.

"मग ही रांग?"

सुतारिणीनं रांगेकडे पाहिलं. तिच्या मागून येऊन उभा राहिलेला मोर अजून तहानलेला होता. ती म्हणाली, "जा, काम कर."

ती निघताना मुलगा मागून ओरडला, "आई, आमराईतून पुढे कुणी येणार असेल, तर त्याला म्हणावं, आधी धोब्याला विचारून ये, इथे झाडं कसली आहेत ते. मी विचारलं नाही, म्हणून माझे महिने उपासात गेले."

सुतारीण परतली, तेव्हा साळुंकी वाटच पाहत होती. "आला नाही ना? काय करतो तिकडे?"

"पाणी पाजतो," सुतारीण म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तात्पर्य : परक्या मुलखात निघताना चार गोष्टी विचारून निघावं. पण न विचारता गेलेला मुलगाही आपली विद्या न सोडता, लाज न धरता कान देऊन शिकत राहिला, तर तिथे आपली जागा करतो. मुलांनो, ज्या घरचं कुणी असं दूर गेलं असेल, त्या घरच्या आईला ही गोष्ट तेवढी जाऊन सांगा.