सावली धरणारा

"पण त्यालाच कामून घावलं, अप्पा?"

अप्पांनी नदीकडं पाहिलं.

म्हाताऱ्या माणसांची ही एक खोड असते. अडचणीचा प्रश्न आला की ती नदीकडं बघतात, नाहीतर आभाळाकडं. समोरच्याला वाटतं, केवढा खोल विचार चाललाय. बऱ्याचदा काहीच चाललेलं नसतं.

हणमंत तीन वर्षांत एवढं शिकला होता. म्हणून त्यानं पुन्हा विचारलं.

"सांगा की. त्याचा आज पहिला दिवस. माझं तिसरं साल. कामून?"

"हलू नको," अप्पा म्हणाले. "सावली सरकायली."

हणमंत अर्धं पाऊल मागं आला. त्याची सावली पुन्हा जबड्यावर पडली.

जबडा हत्तीचा होता. मांजरा नदीच्या पाण्यानं दरड कापली होती आणि त्या पिवळ्या मातीतून तो हातभर बाहेर आला होता. दाढ जागच्या जागी होती, कपडे धुवायच्या दगडाएवढी. आता या काठाला हत्ती फक्त लग्नाच्या पत्रिकेवर दिसतो. पण हजारो वर्षांपूर्वी इथं कळप पाणी प्यायचे, असं जुनी हाडं हुडकत फिरणारे अप्पा सांगायचे. आज पहिल्यांदा त्यांच्या सांगण्याला जबडा मिळाला होता.

मिळवून दिला होता शमशूनं.

शमशू हणमंतचा शाळेपासूनचा दोस्त. बसस्टँडमागं पंक्चरचं दुकान चालवायचा. आज शुक्रवार, दुकान बंद. "चल की, हाडकं बघू तुझी," म्हणून मोटारसायकल घेऊन आला. मागं मुक्ता बसली होती. तीही त्यांच्याच वर्गातली. तिनं भाकऱ्या आणल्या होत्या, चौघांच्या जागी सहा जणांच्या.

काठानं माती बघत दोन तास रेंगाळले असतील. शमशू लघवीला म्हणून दरडीआड गेला आणि तिथूनच ओरडला.

"हण्या! हे टायर कुणी गाडलंय रं इथं?"

अप्पा पळत गेले. सत्तरीतला माणूस, खरंच पळत गेला. गुडघ्यावर बसले. एक ढेकूळ बाजूला केलं, मग दुसरं. मग वर बघून शमशूला म्हणाले,

"नजर आहे तुला, पोरा."

झालं.

हे एक वाक्य ऐकण्यासाठी हणमंतनं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. घरात बाप काठी घेऊन उठला तेव्हा तो छाती काढून म्हणाला होता, "अप्पा म्हणत्यात मला नजर हाय." अप्पा असं कधीच म्हणाले नव्हते. म्हणतील, या भरवशावर त्यानं ते आगाऊच सांगून टाकलं होतं. तीन उन्हाळे तो त्यांच्या मागं फिरला. त्यांचा पाण्याचा कॅन वाहिला, त्यांचे पाय चेपले. त्याला घावलं काय? शिंपले. खापरं. आणि बैलाचा एक दात, तोही नंतर गेल्या साली मेलेल्या बैलाचा निघाला.

आणि नजर कुणाला? मुतायला गेलेल्याला.

आता शमशू आणि मुक्ता हाडाला गुंडाळायचं प्लास्टर न् गोणपाट आणायला अप्पांच्या मठात गेले होते. मोटारसायकलनं जाऊन यायला अर्धा तास. तोवर जबड्याला ऊन लागता कामा नये, कारण इतकी वर्षं ओल्या मातीत राहिलेलं हाड एकदम उन्हात आलं की तडकतं. फडकं टाकावं तर पापुद्रे फडक्याला चिकटून निघतात. म्हणून अप्पांची रीत ठरलेली होती. ज्याला घावलं त्यानं काढायचं, आणि तो काढेपर्यंत दुसऱ्यानं उन्हाला पाठ देऊन उभं राहायचं. स्वतःची सावली हाडावर धरायची.

आजचा दुसरा हणमंत होता.

"तू सकाळपासून कुठं बघायलास?" अप्पांनी विचारलं. ते बाभळीखाली बसून तंबाखू मळत होते.

"कुठं म्हंजे? खाली. मातीत."

"खरं? मग किती वेळा वाकला शमशू?"

"पाच," हणमंत म्हणाला. उत्तर फार पटकन आलं हे त्याचं त्यालाच कळलं.

"पहिल्यांदा कुठं?"

"कपारीजवळ. गारगोटी व्हती. मग मुक्ताच्या चपलेचा पट्टा तुटला तिथं..." तो थांबला.

"सांग की. बारीक पाहिलंस तू."

हणमंतच्या कानशिलातून वाफ निघाली. त्याला सापडलं नाही ते नाही, वर हा म्हातारा मजा घ्यायला लागला.

"तुम्ही मला शिकवू नका, अप्पा."

"बरं."

"तुमच्या मठातली खोली मीच झाडतो. एकशे बारा हाडं हायती. एकशे बारा चिठ्ठ्या. सगळ्यांवर एकच नाव."

अप्पांचा अंगठा तळहातावर थांबला.

"गव्याचं शिंग वीटभट्टीवरच्या रुक्मिणबाईला घावलं व्हतं. तिनंच मला सांगितलं. दोन दिवस तिची मजुरी बुडाली तुम्हाला जागा दाखवण्यात. चिठ्ठीवर कोण? तुम्ही. कासवाची पाठ एका मेंढक्याला. चिठ्ठीवर कोण? परत तुम्हीच. ज्याला घावलं त्यानं काढायचं म्हणे! काढायचं त्यानं, न् लिहायचं तुम्ही."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता हाकलतील. हाकलावंच, असंही वाटलं.

अप्पांनी तंबाखू तोंडात टाकली. नदीकडं पाहिलं नाही. त्याच्याकडंच पाहिलं.

"झालं?"

"न्हाई झालं. जबड्याच्या चिठ्ठीवर कुणाचं नाव लिवणार?"

"शमशूचं."

हे हणमंतला अपेक्षित नव्हतं. एकशे बारा वेळा खोटं लिहिलेला हात एकशे तेराव्या वेळी खरं लिहिणार, आणि तेही नेमकं आजच. माणसानं सुधरावं तर थोडं आधी सुधरावं, नाहीतर मरेपर्यंत सुधरू नये.

त्याचा डावा पाय जड झाला. नंतर त्यानं स्वतःला सांगून पाहिलं, की मुंग्या आल्या होत्या. मुंग्या आल्या नव्हत्या.

त्यानं पाय उचलला आणि एक वीतभर बाजूला ठेवला.

सावलीची कड सरकली. दाढेवर उन्हाची पट्टी पडली, बोटभर रुंद. ओली माती आधी चकाकली, मग फिकी पडली. मग कडेनं पांढरी झाली.

हणमंत बघत राहिला. त्याच्या पोटात काहीतरी गार गार वाटत होतं. चांगलं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

अप्पाही बघत होते.

मिनिट गेलं. पाणकावळा पाण्यात शिरला, बाहेर आला. अप्पा "हलू नको" म्हणाले नाहीत.

अजून एक मिनिट.

टक्.

एवढासाच आवाज. सुपारी फुटावी तसा. दाढेपासून खाली हनुवटीपर्यंत केसासारखी रेघ गेली.

हणमंत उडी मारल्यासारखा परत जागेवर आला. सावली जबड्यावर पडली. रेघ तशीच राहिली.

"तुम्ही बघत व्हता," तो म्हणाला.

"होतो."

"ओरडला कामून न्हाई?"

अप्पा पचकन थुंकले. तोंड पुसलं.

"मलाही बघायचं होतं, तडकतंय का."

हणमंतला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग अप्पांचा चेहरा दिसला आणि कळलं, काही चूक झाली नाही. चाळीस वर्षं दरडी धुंडाळणाऱ्या माणसाला जो जबडा मिळाला नाही, तो पंक्चरवाल्या पोराला मिळाला होता, मुतायला बसण्याइतक्या वेळात. ती गार गार मजा बाभळीखालीही पोचली होती.

त्याला अप्पांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्यासारखाच दिसायला लागलो की काय, या विचारानं अंगावर काटा मात्र आला.

वर मोटारसायकल थांबली. दोघं उतरणीवरून घसरत आले. शमशूच्या खांद्यावर गोणपाटाची गुंडाळी, मुक्ताच्या हातात प्लास्टरची पिशवी.

"मठात मांजर व्यालीय बघा गोणपाटावर," शमशू लांबूनच बोलत होता. "चार पिल्लं उचलून ठिवली, म्हून उशीर..." तो वाकला. "आरं? हे कवा झालं?"

"पाय आखडला असंल ह्याचा," मुक्ता म्हणाली. "बिचारा उन्हात उभा हाय कवाचा."

मुक्तानं दार उघडून दिलं होतं. हणमंतला फक्त मान हलवायची होती. त्यानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा सांगणारही नव्हते आणि झाकणारही नव्हते.

"आखडला न्हाई," हणमंत म्हणाला. "मी सरकलो. मुद्दाम."

मुक्तानं पिशवी खाली ठेवली.

शमशू त्याच्याकडं बघत राहिला. हसायचं होतं की काय, तसे त्याचे ओठ हलले आणि मग बंद झाले.

"कामून रं?"

"तुला घावलं म्हून."

"मला काय करायचंय हे हाडूक, येड्या!" शमशूचा आवाज फाटला. "तू रोज त्याच्याच गोष्टी सांगतूस दुकानात बसून, म्हून आलतो म्या! तुझ्यासाठी वरडलो मघा, हण्या म्हून! ऐकलं न्हाईस?"

ऐकलं होतं. दोन तास सगळं बारीक ऐकलं आणि पाहिलं होतं, आणि ती हाक आपल्यासाठी आहे एवढंच कळलं नव्हतं.

शमशूनं गोणपाट आपटलं. चार पावलं पाण्याकडं गेला. उभा राहिला. एक दगड लाथाडला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं अप्पांच्या पिशवीतून दाभण काढलं आणि हणमंतच्या हातात कोंबलं.

"बस खाली. फोडलास न्हवं? आता तूच काढ."

"मी न्हाई..."

"काढ म्हंतो ना, भाड्या. म्या धरतो सावली."

आणि तो उन्हाला पाठ देऊन उभा राहिला. दोन्ही पाय रोवून. त्याची सावली हणमंतच्या डोक्यावरून जबड्यावर पडली.

हणमंत गुडघ्यावर बसला. दाभणाचं टोक मातीला लावलं. टोक स्थिर राहीना. एकदा दाढेवर घसरलं, त्यानं झटकन मागं घेतलं. दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं, तर तोही हात तसाच.

"अप्पा," तो वर न बघता म्हणाला, "तुम्ही काढा. माझा हात थरथरायलाय."

अप्पा बाभळीखालून उठले. सावकाश आले. त्याच्या हाताकडं बघत उभे राहिले...

दाभण घ्यायला त्यांनी हात पुढं केला नाही.

"काढ तूच," ते म्हणाले. "चिठ्ठ्या लिहिताना माझा कधी थरथरलाच नाही."