गुरुवारचा पोर्ट

"मग मास्तर, सर्व्हरचा पासवर्ड आता माझ्या हाती देणार ना?"

केतकी मगदूमनं विचारलं, तेव्हा मुजावर मास्तर बशीत चहा ओतत होते. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या मिरजेतल्या एका संस्थेचा सर्व्हर त्यांनी वीस वर्षं सांभाळला होता. उद्या निवृत्ती. केतकी त्यांची शिष्या. हुशार पोरगी, पण तोरा काय विचारू नका!

"काय काय केलंस?"

"यंत्राला पासष्ट हजारांवर पोर्ट, म्हणजे दारंच. वेबसाइटचं दार ठेवलं, आपलं दुरुस्तीचं ठेवलं. बाकी सगळी बंद!"

"पाच हजार एकशे साठ नंबरचा पोर्ट?"

"तोही. कुठल्याच यादीत नाही. सोमवारपासून नजर ठेवली, कुणी फिरकलं नाही."

"आज वार कुठला?"

"गुरुवार..."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला.

"मी चंपाक्का, अंध बायकांच्या आश्रमातनं. आज गोष्टीचा पुढचा धडा मोबाइलवर उतरला नाही ओ. नर्सबाई तो घेऊन गुरुवारीच येतात, आत्ता गेल्या बघा. आमचं काय चुकलं का?"

केतकीचा चेहरा उतरला. धडा त्याच पोर्टातून जायचा! तिनं घाईघाईनं तो उघडला. पण आता पलीकडून यायला कुणीच नव्हतं.

"चूक माझी आहे, आक्का. पुढच्या गुरुवारी..."

"असू दे गं. एवढंच सांग, मालन नदीत उतरली हुती. निघाली का भाईर? आठवडाभर आम्ही अकराजणी त्याच घोरात हाय."

मालन कोण, हेच केतकीला माहीत नव्हतं. दहा महिने तिनं त्या यंत्राची राखण केली, पण त्यातलं एक पुस्तक कधी ऐकलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

मास्तरांनी कपाटातून तेच पुस्तक काढलं. खुणेचं पान उघडून तिच्या हातात दिलं.

ती वाचू लागली. आधी अडखळत, मग मोकळ्या आवाजात. मालन काठाला लागली, तशा पलीकडे सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कुणीतरी रडत रडत हसलं.

फोन ठेवल्यावर मास्तरांनी पासवर्डची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

"मला? आज मी काय करून ठेवलं, बघितलंत ना..."

"बघितलं." मास्तरांनी चहाची बशीही तिच्याकडे सरकवली. "पुढच्या गुरुवारी आक्कांना आवाज तुझाच लागेल."