जांबिया आणि कोयती

रान गावाच्या वेशीपर्यंत पोचायचं, त्या काळातली ही गोष्ट. ठकूबाई शेळ्या राखायची. रानात बिबट्या आल्याचं कळल्यापासून तिने चाऱ्याच्या कोयतीशेजारी कमरेला एक मोठा जांबियाही खोचला होता.

"बिबट्या आला तर तू काय करणार गं?" जांबिया हसून कोयतीला म्हणाला.

"तीच तर काळजी आहे," कोयती म्हणाली. तिला खरंच काही सुचत नव्हतं.

एका दुपारी एका शेळीचा पाय शिकाऱ्याच्या फासात अडकला. ती ओरडू लागली, आणि जाळीमागून गुरगुर ऐकू आली. ठकूबाईने जांबिया उपसला.

"बाई, मला पुढे नका करू," जांबिया पुटपुटला. "मी आजवर नुसता भिंतीवर टांगलेला होतो."

"आधी फास कापा," कोयती म्हणाली. "मग पळू."

कोयतीच्या दोन घावांत फास तुटला. शेळी उचलून ठकूबाई पळत सुटली. मागे पाचोळा वाजत राहिला, तो थेट वेशीपर्यंत.

घरी जांबियाने हळूच विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"अजूनही वाटतेय," कोयती म्हणाली.

सकाळी बिबट्या रानातच होता. ठकूबाईने कोयतीला धार लावली आणि शेळ्या सोडल्या.