वहाणांचा व्यापारी आणि अनवाणी गिऱ्हाईक

एका बाजारगावात वहाणांचा एक व्यापारी होता. आसपासच्या सगळ्या वाड्यांना मिळून वहाणांचं दुकान ते एकच, त्यामुळे त्याला कुणाची मनधरणी करायची गरज कधी पडली नाही. दुकानाला तीन पायऱ्या होत्या, वर पांढरीशुभ्र गादी आणि टेकायला लोड. गिऱ्हाइकाने आपल्या जुन्या वहाणा पायरीशी काढायच्या आणि मग वर यायचं, अशी तिथली रीत. व्यापारी मात्र अशा बेताने बसे, की माणसाचा चेहरा दिसायच्या आधी त्याला त्याची वहाण दिसे.

त्या वहाणेवरून तो माणसाची पत ठरवी. नवी, करकर वाजणारी वहाण असली की गादी, थंड पाणी आणि विडा. ठिगळाची असली की गोणपाट. आणि अनवाणी कुणी आलं, तर त्याने पायरी चढायचीच नाही. खाली उभं राहायचं आणि तिथे ठेवलेल्या पाटीतून काय हवं ते उचलायचं. पाटीत काय असे? कच्च्या शिवणीचा, उन्हात वाकडा झालेला, कुणी परत आणून टाकलेला माल.

आता तुम्हीच सांगा, वहाणांच्या दुकानात माणूस येतो कशाला? जुनी झिजली म्हणून, तुटली म्हणून, नाहीतर पायात काहीच नाही म्हणून. जेवून आलेल्याला पाटावर बसवायचं आणि उपाशी आलेल्याला दारातून घालवायचं, असला हा कारभार. पण गावात कुणी बोललं नाही. ज्यांना गादी मिळे त्यांना बोलायचं कारण नव्हतं, आणि ज्यांना मिळत नसे त्यांचं ऐकतंय कोण?

एका बाजारच्या दिवशी भर दुपारी एक बाई दुकानाशी आली. खिंडीपलीकडच्या वाडीत राहणारी ती सुईण होती. बारा वाड्यांची बाळंतपणं तिच्याकडे. रस्ता सगळा खडकाचा आणि बाभळीच्या काट्यांचा. तिच्या जुन्या वहाणांनी त्या आठवड्यात राम म्हटला होता, म्हणून ती अनवाणीच आली होती. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत लाल माती.

"शेठ, ती वरच्या खुंटीवरची जाड तळाची जोडी दाखवता का?" ती म्हणाली.

व्यापाऱ्याने मान वर केली नाही. "ती तुझ्यासाठी नाही. पाटीत बघ."

"पैसे आणलेत मी. पुरतील तेवढे आणलेत."

"पैशाचं कोण बोलतंय? ती मोठ्या माणसांची वहाण आहे. असल्या पायांत माझा माल दिसला, तर चार माणसं माझ्याकडे येतील का?"

"मोठी माणसं चालतात तरी किती, शेठ? मला रोज दोन-तीन कोस चालावं लागतं. निदान पायात घालून बघू द्या."

"त्या भेगांनी कातडं खराब होईल. घ्यायचं तर पाटीतलं घे, नाहीतर वाट मोकळी कर."

तेवढ्यात एक जमीनदार छकड्यातून उतरला. घरापासून दुकानापर्यंत एक पाऊलही तो चालला नव्हता, आणि ही त्याची त्या वर्षातली चौथी जोडी. व्यापारी लगबगीने उठला, हात जोडून पुढे झाला. खुंटीवरची जाड तळाची वहाण काढून त्याने स्वतःच्या हाताने जमीनदाराच्या पायात सरकवली.

सुईण ते बघत उभी राहिली. दुसरं दुकान नव्हतं आणि संध्याकाळच्या आत एका वाडीवर पोचायचं होतं. तिने पाटीतली एक जोडी उचलली, व्यापाऱ्याने सांगितले तेवढे पैसे पायरीवर ठेवले आणि ती निघून गेली. व्यापाऱ्याने पैसे उचलले. पैसे मात्र त्याला मळके वाटले नाहीत.

पंधरा दिवसांनी व्यापाऱ्याच्या सुनेला सकाळीच कळा सुरू झाल्या. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीने पोटाला हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मूल आडवं आहे. माझ्याच्यानं होणार नाही. खिंडीपलीकडची सुईण आणा, तीच सोडवील."

खिंडीतून गाडी जात नव्हती, पायीच जावं लागे. गडी धावत गेला. सुईण भाकरी टाकत होती, ती तवा उतरवून तशीच निघाली. पण खिंडीच्या निम्म्यात तिच्या एका वहाणेचा अंगठा तुटला आणि थोड्या वेळाने दुसरीचा तळ उसवला. तिने दोन्ही वहाणा काढून टाकल्या. पुढे बाभळीचा काटा टाचेत मोडला, तरी ती थांबली नाही. जमेल तेवढ्या लवकर ती चालत राहिली.

इकडे सुनेचं ओरडणं हळूहळू कण्हण्यावर आलं होतं. व्यापारी दारात येरझाऱ्या घालत होता. लंगडत येणारी बाई दिसताच तो कडाडला, "केव्हाचा निरोप गेलाय. वाटेत बसली होतीस काय?"

आणि सवयीने त्याची नजर खाली गेली. चेहरा त्याने त्या दिवशी पाहिलाच नव्हता, पण पाय ओळखले. त्याच भेगा, तीच लाल माती. एका टाचेतून रक्त गळत होतं.

"तुमच्या पाटीतल्या वहाणा होत्या," ती म्हणाली. "खिंडीत पडल्यात. बाजूला व्हा, मला हात धुऊ द्या."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाळ बाहेर आलं ते निळं पडलेलं, आवाज नसलेलं. सुईणीने त्याला चोळलं, थोपटलं, तोंडातला चिकटा काढला. शेवटी ते रडलं. सूनही वाचली, पण महिनाभर अंथरुणातून उठू शकली नाही.

सुईण ओसरीवर बसून टाचेतला काटा काढत होती. व्यापारी दुकानात जाऊन जाड तळाची जोडी घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवून खाली बसला. "मावशी, माझं चुकलं. या घ्या. पैसे नकोत. तुम्ही कोण आहात हे मला माहीत असतं, तर असं झालं नसतं."

ती इतका वेळ शांत होती. आता मात्र तिचा आवाज चढला. "हेच तुमचं चुकतंय शेठ. मी सुईण निघाले म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. मी नुसती लाकडं विकणारी असते तर? आज दुसऱ्या कुणाची सून अडली असती, तर तुम्हाला कळलं तरी असतं का?"

व्यापाऱ्याने वहाणा आणखी तिच्याकडे सरकवल्या.

"फुकटच्या वहाणा मला नकोत. मी विकत घ्यायला आले होते, विकतच घेईन. बाजारच्या दिवशी येते. तुम्ही ज्यांना पायरीखाली ठेवता, त्यांतलं कुणी गादीवर बसलेलं दिसलं तरच वर चढेन." एवढं बोलून ती जशी आली तशी अनवाणी गेली.

बाजारच्या दिवशी ती आली आणि समोरच्या झाडाखाली उभी राहिली. गादीवर एक लाकूडविकी अवघडून बसली होती, पायांच्या मातीने गादी लाल झाली होती. व्यापाऱ्याने तिला पाणी दिलं आणि एकामागून एक पाच जोड्या दाखवल्या. तिने प्रत्येक जोडी पायात घालून पाहिली, किंमत विचारली आणि मान हलवली. "सध्या नाही परवडत, शेठ."

व्यापाऱ्याच्या कपाळावर एक आठी आली. ती त्याने लगेच पुसून टाकली आणि तो उठून उभा राहिला. "काही हरकत नाही, बाई. पुन्हा या."

तेव्हा सुईण पहिली पायरी चढली.

तात्पर्य: गिऱ्हाईक उद्या मोठं निघेल या भीतीने दिलेला मान हा मान नव्हे. काहीही न घेता जाणाऱ्या माणसाशी आपण कसे वागलो, त्यावरूनच आपल्या दुकानाची पारख होते.